घाटात अडलेला माल

ज्या गोष्टीविषयी मी लिहू पाहते आहे, तिच्याविषयी बोलताना माझा आवाज आपोआप खाली जातो. पंचवीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवलेल्या बाईने, घरच्या संगणकावरचा एक खेळ बंद पडला म्हणून आपले चित्त थाऱ्यावर नाही, असे चारचौघांत कसे सांगावे? मी सांगितले नाही. रजेच्या अर्जात ‘घरगुती अडचण’ असे लिहिले आणि प्राचार्यांनी त्यापुढे काही विचारू नये म्हणून अर्ज शिपायाच्या हाती पाठवला.

लाखनीत आमचे घर हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. बाबांनी तीसेक वर्षे त्याच रस्त्यावर ट्रक चालवला. पश्चिमेला नागपूर, पूर्वेला रायपूर आणि त्याच्याही पुढे. चार वर्षांपूर्वी तांदूळ भरलेली गाडी ढाब्यापाशी लावून ते जेवायला बसले आणि घास उचलायला हात उठेना. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने पुढे नेली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला शब्द आईचे नाव नव्हता, माझेही नव्हते. ते म्हणाले, “माल.” माल पोचला, असे आम्ही सांगितले; त्यांना ते पटेना. अखेर आईने मालकाच्या घरी जाऊन बिल्टीची, म्हणजे मालासोबतच्या कागदाची, पोच आणली आणि तिच्यावरचा व्यापाऱ्याचा शिक्का त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

उजवी बाजू गेली होती आणि वाचाही जवळजवळ गेली होती. तीन शब्द उरले: हो म्हणायला ‘हव’, मग ‘नाई’ आणि ‘माल’. चौथी एक शिवी होती. ती मात्र स्वच्छ येई, आणि ती आली की आई म्हणे, “हे बरी आठोते याले.” आठवड्यातून तीनदा एक फिजिओथेरपिस्ट येत. बाबा त्यांच्यासमोर रबरी चेंडू दाबत आणि ते गेले की चेंडू खाटेखाली टाकून देत. ते तरुण गृहस्थ एकदा मला दाराशी म्हणाले की हाताला व्यायाम नको आहे, काम हवे आहे. आणि ते काम त्या हाताला ओळखीचे असायला हवे.

आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या सहकारी बाईंना मी हे सहज सांगितले. पुढच्या आठवड्यात त्या एक खोके घेऊन घरी आल्या. त्यात टेबलाला अडकवायचे एक स्टिअरिंग होते, पायाखाली ठेवायचे दोन दट्टे होते आणि संगणकात घालायची एक चकती होती. ट्रक चालवण्याचा खेळ. एकट्याने खेळायचा, समोर प्रतिस्पर्धी नाही, जिंकणे-हरणे नाही. कुठल्याशा परक्या थंड मुलखातले रस्ते, एक ट्रक, आणि एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचवायचा, एवढेच.

आधी मलाच शिकावे लागले. पन्नाशी जवळ आलेली मी आयुष्यात कधी संगणकावर पत्त्यांचा डावही मांडला नव्हता. माझी पहिली गाडी डेपोच्या फाटकातून बाहेर पडली आणि समोरच्या खांबावर गेली. खाटेवरून एक आवाज आला. मी दचकून मागे पाहिले, तर बाबा हसत होते. आजारपणानंतर प्रथमच. मग त्यांनी डाव्या हाताने खूण केली: ऊठ तिथून.

त्या दिवसापासून संध्याकाळी महाविद्यालयातून आले की मी त्यांची क्लीनर झाले. उजवा हात चाकावर ठरत नसे, म्हणून त्यांच्या खांद्यावरच्या जुन्या दुपट्ट्याने तो चाकाला सैलसा बांधायचा. मी डावीकडे खुर्ची घेऊन बसायची. गाडी मागे घेताना क्लीनर खाली उतरून पत्र्यावर थापा मारतो, तशा मी टेबलावर थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे जाऊ द्या. एक थाप म्हणजे थांबा. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. बाबांनी मला सायकल याच दोन खुणांवर शिकवली होती. मी चुकीच्या वेळी थाप मारली की ती चौथी शिवी मला मिळे, आणि मला ती, खरे सांगते, कुठल्याही शाबासकीपेक्षा गोड लागे.

आई भाजी निवडत दारातून पाहत बसे. “जलमभर रायपूरच्या पुढं गेला नाई म्हनून रडत होता,” ती म्हणे, “आता पाय मोडून बसला तं फॉरेन फिरून राह्यला.” बाबा पडद्यावरून नजर न हलवता म्हणत, “हव.”

दीड वर्षाने दुपट्टा सोडला. अंगठा चाक धरू लागला होता. सदऱ्याची खालची दोन बटणे ते स्वतः लावू लागले. चमचा सांडत का होईना, तोंडापर्यंत पोचू लागला. खेळात माल पोचला की पडद्यावर एक कागद उमटे आणि खाली शिक्का पडे. बाबा तो कागद पूर्ण वाचत असल्यासारखे थांबत आणि मगच मान हलवत. त्या परक्या मुलखात त्यांनी एक लहान गाडी चालवून मोठी घेतली होती, मग तिला निळा रंग दिला होता; आपल्या शेवटच्या खऱ्या गाडीचा.

तोवर आमच्या घरात नेट नव्हते. त्या खेळाला ते लागतही नव्हते.

मग महाविद्यालयाच्या कामासाठी मी नेट घेतले, आणि काही दिवसांनी खेळ उघडताना एक सूचना आली. यापुढे हा खेळ कंपनीच्या ऑनलाइन मंचावरूनच उघडेल. मंचावर खाते काढावे लागेल. प्रत्येक वेळी नेटवरून ओळख पटवावी लागेल. खाली अटींची लांबलचक पाने होती. सर्व पाने वाचणारी मी बहुधा त्या कंपनीची एकमेव ग्राहक असेन. त्यात एके ठिकाणी म्हटले होते की खेळ आपण विकत घेतलेला नसून केवळ वापरण्याची परवानगी घेतलेली आहे, आणि ती मागे घेता येते. मी ते वाक्य दोनदा वाचले. सहकारी बाईंना दूरध्वनी केला. त्या म्हणाल्या की आता सगळीकडे असेच असते, आणि नाही म्हटले तर खेळ सुरूच होणार नाही. तळाशी दोन बटणे होती. मागे खुर्चीवर बाबा दुपट्टा खांद्यावर टाकून वाट पाहत होते. मी ‘मान्य आहे’ दाबले. आयुष्यात ज्या ज्या कागदावर सही मागितली गेली, तिथे मी ती केली आहे. हाही एक कागदच, असे वाटले.

खाते बाबांच्या नावाने काढले. जन्मतारखेचा रकाना आला आणि माझा हात थांबला.

बाबांना दोन जन्मतारखा आहेत. त्यांच्या पिढीत बहुतेकांना आहेत. त्यांच्या गावच्या, करडीच्या शाळेत नाव घालायला आजोबा त्यांना घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी उंची पाहून वर्ष ठरवले आणि तारीख लिहिली जुलैची पहिली. तीच पुढे लायसनवर, मतदानाच्या ओळखपत्रावर आणि आधारवर गेली. घरची तारीख वेगळी. आजी सांगे, “पोरं लाकडाचे नंदी घेऊन दारोदार फिरत होते, तवा हा झाला.” म्हणजे तान्हा पोळा, पोळ्याचा दुसरा दिवस. मी जुन्या पंचांगावरून तो दिवस कधीच काढून ठेवला होता आणि दरवर्षी त्या दिवशी घरात खीर होई. बाहेरच्या जगात मात्र त्या तारखेला कुठे जागा नव्हती. त्या रकान्याशी मला वाटले की इथे कोण कागद पाहणार आहे? निदान एका ठिकाणी तरी बाबांची खरी तारीख असू दे. मी ती घातली. मंचाने ती निमूट स्वीकारली. मला फार बरे वाटले, हे मी कबूल करते.

वर्षभर खेळ तसा चालला. नेट असेल त्या दिवशी. नसेल त्या दिवशी बाबा खुर्चीवर बसून राहत आणि मी त्यांना काय सांगावे ते मला कळत नसे. घर आमचे, संगणक आमचा, चकती आमच्या कपाटात, खेळणारा माणूस एक आणि बरोबर कुणीही नको असलेला. तरीही दर संध्याकाळी दूरदेशी कुणाला तरी विचारायचे की आज बसू का? भंडाऱ्याच्या बाजारातून पाणी भरायचा पितळेचा गुंड आणावा आणि रोज सकाळी दुकानदाराने दारात येऊन तुम्ही कोण असे विचारल्याशिवाय त्यातले पाणी पिता येऊ नये, तसे ते होते. याविषयी खेळणाऱ्यांच्या सभांतून नेटवर मोठे वाद चालतात. मी ते वाचत असे. काही म्हणत, नेट कुणाकडे नाही, एवढे काय त्यात. काही म्हणत, विकत घेतले ते घेतले. मी एकदा चार परिच्छेदांचे उत्तर लिहिले, त्यातली विरामचिन्हे तपासली आणि पाठवले नाही. आपल्यासारख्या नवशिक्या बाईने तिथे काय बोलावे, असे वाटले.

या पावसाळ्याआधी रस्त्याच्या कामासाठी खोदताना आमच्या भागाची तार तुटली. तीन दिवस नेट नव्हते. बाबांची निळी गाडी तेव्हा एका घाटात उभी होती, माल भरलेली. आदल्या संध्याकाळी ते थकले म्हणून कडेला लावली होती. पहिल्या दिवशी त्यांनी खुणेने विचारले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “माल.” तिसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणून मी माझ्या मोबाइलवरून संगणकाला नेट जोडले. एक मिनिट ओळख पटवणे चालले, आणि मग खाते बंद असल्याची सूचना आली.

कारण मला सहकारी बाईंनी नंतर समजावले. मोबाइलचे नेट कुठल्या कुठल्या शहरातून फिरून येते. आम्ही लाखनीतच बसलो होतो, परंतु मंचाच्या लेखी कुणी परके माणूस परक्या शहरातून बाबांच्या खात्यात शिरत होते. ओळख पुन्हा पटवायला त्यांनी जन्मतारीख विचारली. मी दिली, जुळली. मग त्यांनी तीच तारीख असलेले सरकारी ओळखपत्र मागितले.

तसे ओळखपत्र बाबांकडे एकही नव्हते. मी आधारची प्रत पाठवली आणि सोबत, मला जमेल तितक्या चांगल्या इंग्रजीत, दोन पानी पत्र लिहिले. गुरुजींविषयी, जुलैच्या पहिल्या तारखेविषयी, लाकडी नंदींविषयी. वृद्ध आणि आजारी माणसाचा हात या खेळावर चालतो आहे, हेही लिहिले. ते लिहिताना मला भीक मागितल्यासारखे वाटले, तरी लिहिले. उत्तर चार ओळींचे आले. माहिती जुळत नाही. खाते काढताना खोटी माहिती दिल्याने ते बंद ठेवण्यात येत आहे.

आईने विचारले तेव्हा मी हे सगळे तिला सांगितले. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबले.

“पैल्यांदा बिना नेटचा चालत होता ना तो?”

“हो.”

“मंग तुनं ते बटन काहून दाबलं?”

“सगळे दाबतात, आई. नाही दाबले तर चालूच होत नाही.”

“सगळे दाबते म्हनून,” ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

पुढच्या तीन आठवड्यांत मी जे केले ते माझ्या स्वभावात नाही. भंडाऱ्याच्या एका संगणकाच्या दुकानात जाऊन मी, जिने ग्रंथालयाचे पुस्तक एक दिवसही उशिरा परत केलेले नाही, हलक्या आवाजात विचारले की या खेळाची कुलूप तोडलेली प्रत मिळते का. दुकानदाराला आश्चर्य वाटले नाही. मिळते, म्हणाला; पण तिच्यात बाबांचा आधीचा प्रवास उघडणार नाही, तो त्या खात्याला बांधलेला आहे. प्रवासाची नोंद कुठे असते, असे मी विचारले. “तुमच्याच काम्प्युटरमंधी हाय न मॅडम,” तो म्हणाला. म्हणजे घाट, गाडी आणि माल तिन्ही आमच्या घरात, खिडकीखालच्या त्या डब्यात होते. आम्हालाच तिथे जायला मज्जाव होता.

मग मी आधारवरची तारीख बदलायला निघाले. एका खेळाच्या खात्याशी जुळावी म्हणून बापाची सरकारी जन्मतारीख बदलणे हा वेडेपणा आहे, हे मला एसटीत बसल्या बसल्या कळत होते. पण उतरून परत फिरावे, असे वाटले नाही. केंद्रावरच्या माणसाने कागद पाहून विचारले, “वय वाढवाचं हाय का कमी कराचं?”

“खरे करायचे आहे,” मी म्हणाले.

तो माझ्याकडे पाहून हसला. वाईट हसला नाही. “खोट्याले तुमच्यापाशी चार कागद हाय, मॅडम. खऱ्याचा एक आना, करून देतो.”

खऱ्याचा कागद शोधायला मी करडीला गेले. शाळेचे मुख्याध्यापक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. कशासाठी हवे, असे त्यांनी विचारल्यावर मी पेन्शनचे काम आहे म्हणाले. खासगी ट्रक चालवलेल्या माणसाला कसली पेन्शन, हे त्यांना सुचले नाही की त्यांनी दाखवले नाही, कोण जाणे. त्यांनी जुने दाखल-खारीज रजिस्टर काढले, कापडाने पुसले आणि ते पान उघडले. पानभर मुलांची नावे होती आणि जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत जुलैची पहिली, एकाच शाईत, एकाच वळणात. बाबा सातवे होते.

“पुरा वर्ग एकाच दिवशी जलमला,” मुख्याध्यापक म्हणाले. “केकचा खर्च वाचला.”

मी हसले, कारण हसणे अपेक्षित होते. गुरुजींचे अक्षर सुरेख होते. त्यांच्यासमोर त्या दिवशी ओळीने बाप उभे असतील, सगळ्यांनी मान हलवली असेल. दाखला मिळाला, जुलैच्या पहिल्या तारखेचाच. दुसरा असणारच नव्हता.

दरम्यान बाबांचा अंगठा पुन्हा आत वळू लागला होता. मी रबरी चेंडू आणून दिला. तो खाटेखाली गेला. मी नुसते स्टिअरिंग जोडून दिले. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे, आणि मी नजर चुकवली. रोज संध्याकाळी त्या वेळेला ते एकदा तरी म्हणत, “माल.” पोच दाखवायला या वेळी माझ्यापाशी कोणतीच बिल्टी नव्हती. फिजिओथेरपिस्टनी बोटे उघडून पाहिली आणि मला दाराशी सांगितले की आणखी दोन महिने असेच गेले तर ही बोटे उघडणे अवघड होईल. मी त्यांना विचारले, खात्रीने? ते म्हणाले की अशा गोष्टी खात्रीने कोण सांगणार, पण मी वेळ घालवू नये.

म्हणून मी तोच खेळ पुन्हा विकत घेतला; जुनी चकती त्या बंद खात्यालाच बांधलेली होती. तोच मंच, नवे खाते. जन्मतारखेच्या रकान्यात जुलैची पहिली तारीख घातली. अटींची पाने या वेळी वाचली नाहीत. ‘मान्य आहे’ दाबले.

बाबांना खुर्चीवर बसवले. उजवा हात चाकावर ठेवला, तो घसरला. दोन वर्षांनी पुन्हा दुपट्टा बांधला. आई दारात येऊन उभी राहिली, हातात भाजी नव्हती. पडदा उजळला. सपाट गावातला एक डेपो, आणि त्यात एक लहान पांढरी गाडी, अगदी पहिल्या दिवशी होती तशी. खाली लिहिले होते: नवीन चालक, स्वागत आहे.

बाबांनी ती गाडी पाहिली. मग त्यांची नजर पडद्याच्या कडांवरून फिरली, जणू घाट त्या चौकटीच्या जरा बाहेर असेल. मी घाईघाईने सांगितले की खाते नवे आहे, गाडी पुन्हा मोठी होईल, निळा रंग आपण पहिल्याच आठवड्यात देऊ. मी भराभर बोलत होते, आणि मी कधी भराभर बोलत नाही. बोलणे संपले तेव्हा करण्यासारखे एकच उरले होते. मी टेबलावर दोन थापा मारल्या.

ते हलले नाहीत.

मी पुन्हा दोन थापा मारल्या, जरा जोराने. आई म्हणाली, “जाऊ द्या ना गा, पोरगी म्हनते तं.”

बाबांनी डावा हात चाकावरून काढला, टेबलावर आणला आणि तळव्याने एक थाप मारली. जोराची नव्हती. मग तो हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे पाहणे सोडून दिले. राग नव्हता, शिवीही आली नाही. ज्या ड्रायव्हरचा माल घाटात उभा आहे, तो दुसऱ्या गाडीवर चढत नाही, हे मला, त्यांच्या मुलीला, आधीच समजायला हवे होते. मी दोनदा जे मान्य केले होते, ते त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

मी संगणक बंद केला. दुपट्ट्याची गाठ सोडली, पण दुपट्टा निघेना. उजव्या हाताची बोटे त्याच्यावर मिटली होती; ती मला एकेक करून उघडावी लागली.